संकोचाचे सीमोल्लंघन

विजयादशमी हा सीमोल्लंघनाचा दिवस. घटस्थापनेपासून चाललेला नवरात्राचा जागर या दिवशी पूर्णत्वास जातो. शस्त्रे, यंत्रे आणि पोथ्या यांचे पूजन होते आणि सायंकाळी आबालवृद्ध गावाची वेस ओलांडून शमीच्या व आपट्याच्या झाडाकडे जातात. परतताना त्यांच्या हाती सोने असते. वेस ओलांडल्यावाचून सोने लाभत नाही, इतका सरळ अर्थ आपल्या पूर्वजांनी या सणात भरून ठेवला आहे.

नागपूर नगरीत याच दिवसाला १९५६ सालापासून आणखी एक सीमोल्लंघन जोडले गेले. घरोघरी आपट्याची पाने वाटली जात असतात, त्याच वेळी दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते शुभ्र वस्त्रांनी फुललेले असतात. खेड्यापाड्यांतून, दूरच्या प्रांतांतून, आगगाडीने, एस.टी.ने, प्रसंगी पायी माणसे येतात. येताना त्यांच्याजवळ भाकरीची शिदोरी असते आणि जाताना पुस्तकांची पिशवी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा हा मेळा आता नागपूरच्या दसऱ्याचे एक अविभाज्य अंग झाला आहे.

या गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. तो कोणी विशिष्ट गृहस्थ नव्हे. तो अनेकांच्या घरांत आहे. बुद्धाचे चरित्र त्याने वाचले आहे, ते त्याच्या मनाला भिडले आहे, आणखी जाणून घ्यावे अशी ओढ लागली आहे. परंतु पाऊल पुढे पडत नाही. पाली भाषा आपणांस येत नाही; अर्धा घटका मन स्थिर राहत नाही; पंचशीलातील पाचही शिले पाळणे तर दूरच, एकही अखंड पाळता येत नाही. मग माझ्यासारख्याने या वाटेला यावे काय? माझी तेवढी पात्रता आहे काय? असा तो स्वतःशीच विचारतो आणि उंबरठ्यावरूनच नमस्कार करून परततो.

हा संकोच वरवर पाहता विनयासारखा दिसतो. तो खरोखरच विनय आहे काय, याचा विचार करण्यास दसऱ्याहून उचित दिवस कोणता?

अधिकाराचा जुना प्रश्न

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. वेदान्ताच्या ग्रंथांत प्रारंभीच अधिकारी कोण, याची चर्चा असते. विवेक, वैराग्य, शमदमादी षट्संपत्ती आणि मुमुक्षुत्व ही चार साधने ज्याच्या अंगी आहेत तो ज्ञानाचा अधिकारी, असे शास्त्रकार सांगतात. या विचारात तथ्य आहे. ज्याला तहानच नाही त्याच्यापुढे पाण्याचा घडा ठेवून काय होणार? परंतु कालौघात अधिकाराचा हा प्रश्न अंतःकरणाच्या तयारीचा न राहता जन्माचा झाला. कोणी ऐकावे, कोणी म्हणावे, कोणी आत यावे, हे मनुष्याच्या तळमळीवरून न ठरता त्याच्या जातीवरून ठरू लागले.

पंढरपूरला गेलेल्या प्रत्येक वारकऱ्याने महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ संत चोखामेळा यांची समाधी पाहिली आहे. भक्तीने ज्याची बरोबरी करणारे थोडे, अशा त्या महात्म्याचे स्थान देवळाच्या बाहेर राहिले. आपण त्या समाधीवर मस्तक ठेवतो, पण ती तेथे का आहे, हा प्रश्न स्वतःला फारसा विचारीत नाही.

अपात्रतेची भावना कोठून येते, हे आधी पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते. एक अपात्रता बाहेरून लादलेली असते. दुसरी माणसाला स्वतःच्या दुबळेपणातून जाणवते. तिसरी पूर्वजांच्या वर्तनाची लाज वाटल्यामुळे येते. या तिन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

लादलेल्या अपात्रतेचा शेवट

पहिल्या प्रकारच्या अपात्रतेचे उत्तर नागपूरच्याच भूमीवर दिले गेले. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला निर्धार घोषित केला, की आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर दीक्षेपर्यंत २१ वर्षे गेली. बुद्धाशी त्यांची ओळख तर त्याही आधीची. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले मराठी बुद्धचरित्र त्यांना भेट दिले होते. म्हणजे पहिल्या पुस्तकापासून दीक्षेपर्यंत जवळजवळ अर्धशतकाचा काळ लोटला. ज्याला आपण विद्येचा सागर म्हणतो त्या पुरुषालाही एवढा काळ लागला, हे ध्यानी घेतले तर चार महिन्यांत निराश होणाऱ्या नवख्याला धीर येईल.

१४ ऑक्टोबर १९५६ हा विजयादशमीचा दिवस होता. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानात लक्षावधी माणसे जमली होती. कुशीनाराचे वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण व पंचशील दिले. आणि मग एक अपूर्व गोष्ट घडली. नुकतीच दीक्षा घेतलेल्या बाबासाहेबांनी स्वतःच त्या जनसागराला दीक्षा दिली. ज्यांना दीक्षा घ्यावयाची असेल त्यांनी उभे राहावे, एवढेच त्यांनी सांगितले आणि सारे मैदान उभे राहिले. कोणाला किती गाथा पाठ आहेत, कोणाला अक्षरओळख आहे किंवा नाही, हे कोणी विचारले नाही. काही क्षणांपूर्वी स्वतः नवदीक्षित झालेल्या एकाने लक्षावधी नवदीक्षितांना हात दिला, हे या सोहळ्याचे मर्म होय.

त्या दिवशी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत जुन्या देवदेवतांचा आणि श्राद्धादी कर्मांचा स्पष्ट त्याग होता. त्या वाचताना श्रद्धाळू हिंदू मनाला ठेच लागते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ठेच लागल्यावर शहाणा माणूस दगडाला दोष न देता खाली वाकून वाट पाहतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या तू अयोग्य आहेस असे सांगितले गेले, त्याने ते सांगणाऱ्या घराचा निरोप घेतला, यात नवल काय? नवल असलेच तर ते याचे, की तो द्वेषाकडे न वळता शीलाकडे वळला.

दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांवर एक मोठी जबाबदारी टाकली. आपल्या हातून धम्माला कमीपणा येऊ नये, त्याचे आचरण उत्तम रीतीने व्हावे, असा त्या बोलण्याचा आशय होता. हा क्रम नीट पाहावा. आधी प्रवेश झाला, मग जबाबदारी आली. पात्रता ही दाराशी मागितलेली किंमत नव्हती. आत आल्यानंतर आयुष्यभर करावयाची ती मशागत होती.

पोरकेपणाचे दिवस

परंतु दीक्षेला दोन महिनेही पुरे झाले नाहीत तोच ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नवदीक्षितांच्या मनाची त्या वेळी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी. जुने घर सुटलेले, नव्या घराची ओळख झालेली नाही, आणि बोट धरून आत नेणारा पिता निघून गेलेला. विहार नाहीत, भिक्खू नाहीत, विधी कसे करावेत हे सांगणारे कोणी नाही.

योगायोग असा, की मूळचे इंग्रज असलेले आणि कालिंपोंगला राहणारे भिक्खू संघरक्षित त्याच दिवशी नागपुरास आले होते. कस्तुरचंद पार्कवर प्रचंड शोकसभा झाली. बोलावयास उभे राहिलेल्यांचे कंठ दाटून येत होते. संघरक्षितांनी त्या सभेत लोकांना धीर दिला आणि पुढील चार दिवस नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून सभा घेतल्या. बाबासाहेब गेले तरी त्यांनी दाखविलेली वाट गेलेली नाही, हाच त्यांच्या बोलण्याचा गाभा होता.

त्या पोरक्या माणसांनी आपण अयोग्य आहोत म्हणून वाट सोडली नाही. जेवढे ठाऊक होते तेवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. घरात बुद्धाची तसबीर लागली, त्रिशरण आणि पंचशील पाठ झाले, आईने ते मुलाला शिकविले. भव्य स्तूप फार नंतर उभा राहिला. सांचीच्या धर्तीवरील त्या वास्तूचे उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते डिसेंबर २००१ मध्ये झाले. दगडाच्या स्तूपाआधी पंचेचाळीस वर्षे माणसांच्या नित्यपाठाचा स्तूप उभा होता.

दुबळेपणाची जाणीव

आता दुसरी अपात्रता पाहू. जिला कोणी लादलेले नाही, जी एकान्तात माणसाला स्वतःच जाणवते, तिचे उत्तम उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचे, प्रकृती नाजूक, घरची परिस्थिती ओढाताणीची. मुलांसाठी निघणाऱ्या 'बालबोधमेवा' या मराठी मासिकातील बुद्धाविषयीच्या लेखाने त्यांच्या मनात ठिणगी पडली. १८९९ च्या अखेरीस घरी पत्नी आणि तान्ही मुलगी असताना ते ज्ञानाच्या शोधात बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर करीत काशीला गेले; तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म पाहावयास मिळेल या आशेने नेपाळास गेले आणि तेथील अवस्था पाहून खिन्न झाले. बोधगया, कलकत्ता असा प्रवास करीत १९०२ साली ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी श्रामणेर झाले.

'निवेदन' या १९२४ सालच्या आत्मकथनात कोसंबींनी या भ्रमंतीतील निराशा, शरीराचा दुबळेपणा, मनाची चलबिचल लपविलेली नाही. ते पुढे चीवर उतरवून गृहस्थाश्रमात परतले, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम करून आले. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ नागपूरच्याच सुविचार प्रकाशन मंडळाने १९४० च्या सुमारास काढला, आणि १९४७ च्या जूनमध्ये नागपूरपासून दूर नसलेल्या सेवाग्रामात त्यांनी देह ठेवला. आधी मी योग्य होतो आणि मग निघतो, असे ते म्हणाले असते, तर मराठी भाषेला बुद्धाची एवढी समग्र ओळख कोणी करून दिली असती?

'मी हीन' हाही अहंकार

बुद्धवचनात या दुबळेपणाच्या जाणिवेची चिकित्सा फार सूक्ष्म आहे. पंचशील घेताना माणूस जो शब्द उच्चारतो तो 'सिक्खापद' असा आहे. म्हणजे शिक्षापद, शिकण्याची पायरी. तेथे कोणी राजाज्ञा देत नाही आणि मोडल्यास हाकलूनही लावीत नाही. मी हे शिकावयास घेत आहे, असे माणूस आपण होऊन म्हणतो. मोडले तर पुन्हा घ्यावे. म्हणूनच वृद्ध भिक्खूही आणि काल आलेला उपासकही तेच त्रिशरण तीन तीन वेळा म्हणतो. ज्याला पोहता येते त्यानेच पाण्यात उतरावे, असा नियम केला तर पोहणे शिकणार कोण?

त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट 'मान' या दोषाची आहे. मी दुसऱ्याहून श्रेष्ठ आहे, हा मान; मी त्याच्या बरोबरीचा आहे, हाही मान; आणि मी त्याच्याहून हीन आहे, हाही मानच, असे बौद्ध शास्त्र सांगते. तिन्हींत तराजू एकच, आणि त्याच्या मध्यभागी 'मी'. स्वतःला अयोग्य म्हणत कडेला उभा राहणारा माणूस आपण नम्र आहोत अशी समजूत करून घेतो. परंतु त्याचे सारे लक्ष अजून स्वतःवरच खिळलेले असते. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यावयास आले तेव्हा त्यांनी आपल्या उपाली नावाच्या न्हाव्याला आधी दीक्षा देण्याची विनंती केली. तो संघात ज्येष्ठ व्हावा, आपण त्याला वंदन करावे आणि आपला कुळाचा ताठा मोडावा, हा त्यांचा हेतू होता. राजपुत्रांचा श्रेष्ठतेचा मान आणि न्हाव्याचा हीनतेचा मान एकाच वेळी गळून पडला. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालीने केले.

चूळपन्थकाची कथाही नवख्याने जपून ठेवण्यासारखी आहे. चार महिने खपूनही त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा वडील भाऊ महापन्थक विद्वान भिक्खू. त्याने धाकट्याला तुझ्याने काही होणार नाही म्हणून संघ सोडण्यास सांगितले. रडत निघालेल्या त्या भिक्खूला बुद्धाने थांबविले, हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळत 'रजोहरण' एवढाच शब्द म्हणावयास सांगितले. हाताच्या मळाने वस्त्र काळवंडले तेव्हा मनाच्या मळाचा उलगडा त्याला झाला आणि तो अर्हत्पदाला पोहोचला. गुरूने शिष्याच्या मंदबुद्धीचा निवाडा केला नाही. त्याला झेपेल असे काम त्याच्या हाती दिले.

वारशाने आलेली लाज

तिसरी अपात्रता सर्वांत अवघड, आणि ती आपल्या घरांशी निगडित आहे. देवपूजा चालणाऱ्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी बुद्धाकडे ओढली जाते आणि दीक्षाभूमीच्या दाराशी येऊन मनात म्हणते, 'ज्यांनी यांच्यासाठी दारे बंद केली त्यांच्या कुळातली मी. येथे उभे राहण्याचा मला काय अधिकार?' ही लाज खोटी नाही. तिला हसून उडवून लावू नये.

अशा घरांत आणखी एक सवय असते. बुद्ध आमचाच, विष्णूचा नववा अवतार, असे आपण सहज म्हणतो. जुन्या दशावताराच्या चित्रांत तर त्या जागी विठ्ठलही उभा दिसतो. हे प्रेमाने म्हटले जाते, यात शंका नाही. परंतु नवबौद्धांनी आपल्या प्रतिज्ञांत ही समजूत स्पष्टपणे नाकारली आहे. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जावे आणि हे घर आमचेच म्हणावे, हे शिष्टाचाराला धरून नाही. तेव्हा आपण अयोग्य आहोत या भावनेपेक्षा आपणांस सर्व ठाऊकच आहे ही भावना अशा नवख्याला अधिक अडवते.

मग त्या लाजेचे करावे काय? बौद्ध शास्त्र येथे मोलाचा भेद करते. 'हिरी' आणि 'ओत्तप्प', म्हणजे पापाची लाज आणि पापाचे भय, यांना ते जगाचे रक्षक मानते. परंतु 'कुक्कुच्च', म्हणजे झाल्या गोष्टीचा नुसता चडफडाट, याची गणना चित्ताला झाकून टाकणाऱ्या पाच नीवरणांत होते. ज्या लाजेने उद्याचे वर्तन बदलते ती रक्षक; ज्या लाजेने माणूस कोपऱ्यात बसून राहतो तो अडसर. आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईचा कप वेगळा असेल तर तो आज एक करावा. पंक्तीत, शेजारात, सोयरिकीच्या बोलण्यात जात डोकावत असेल तर तिला तेथेच थोपवावे. अशा घरातून आलेल्या नवख्याला त्रिशरणाचा अर्थ पुस्तकाहून लवकर कळेल.

उंबरठ्यावरच्यांसाठी

श्रद्धाळू घरातील माणसाचा संकोच आणखी एका प्रसिद्ध गृहस्थाने अनुभवला होता. ब्रह्मदेशात १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका कट्टर सनातनी मारवाडी घराण्यातले. असह्य डोकेदुखीने त्रस्त होऊन १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी बरी करण्यासाठी ही विद्या नाही, असे सांगून गुरूने आधी त्यांना परतविले. आपला धर्म तर सुटणार नाही ना, ही भीती गोएंकांच्या मनात होतीच. शील, समाधी आणि प्रज्ञा यांखेरीज येथे काही शिकविले जात नाही, या आश्वासनावर ते बसले. पुढे १९६९ साली त्यांनी भारतात पहिले शिबिर घेतले, आणि इगतपुरीच्या केंद्रामुळे विपश्यना हा शब्द मराठी घरांत रुळला. गुरूने तेव्हा माणूस अयोग्य ठरविला नव्हता. त्याचा हेतू तेवढा तपासला होता. उंबरठ्यावर उभ्या असलेल्याने स्वतःला हाच प्रश्न विचारावा. मी पुरेसा शुद्ध आहे काय, हे विचारू नये. मी कशासाठी आलो आहे, हे विचारावे.

आणि मग लहानशी सुरुवात करावी. दीक्षाभूमीवर वर्षातील कोणत्याही दिवशी जाता येते. तेथे जात किंवा पदवी विचारली जात नाही. थोडा वेळ शांत बसावे. पंचशीलातील एकच शील, जे आपल्याकडून वारंवार मोडते ते, एका महिन्यासाठी शिकावयास घ्यावे. जे कळत नाही ते तेथील उपासकांना नम्रपणे विचारावे. ज्यांच्या आईवडिलांनी १९५६ साली तो उंबरठा ओलांडला त्यांच्याइतके चांगले शिक्षक नवख्याला कोठे मिळणार? आणि घरातील वडीलधाऱ्यांनी, मुलाच्या हाती बुद्धाचे पुस्तक दिसले तर कपाळाला आठी घालू नये. केळूसकर गुरुजींनी एका हुशार विद्यार्थ्याला प्रेमाने पुस्तक दिले होते; त्या एका भेटीतून केवढा इतिहास घडला!

पात्र पालथे असेल तर त्यात पाऊस पडूनही पाणी साठत नाही. आणि ते उताणे करावयास ते सोन्याचे असावे लागत नाही. मातीचेही चालते, पोचा आलेलेही चालते. उद्याच्या सायंकाळी आपण आपट्याची पाने हाती घेऊन वेशीपलीकडून परत येऊ, तेव्हा आपल्याच मनाने घातलेली एखादी वेस ओलांडली किंवा नाही, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. समस्त वाचकांना विजयादशमीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगल कामना.